मणका, नस आणि ऑपरेशन: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगितलं. आता ऑपरेशनच का?

बहुतेक वेळा नाही. मानेत ७, छातीमागे १२ आणि कमरेत ५ असे सुटे मणके असतात आणि त्यांच्यामध्ये चकत्या. वयाबरोबर चकतीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते आणि मणके एकमेकांजवळ येतात. एक्स-रेवर दिसतं ते हेच. त्याने कंबर आखडते आणि दुखते, पण तेवढ्यासाठी कोणी चाकू लावत नाही.

चकतीचं बाहेरचं कडं फाटून आतला गर मागे सरकला आणि नसेला टेकला, की कळ ढुंगणातून मांडी, पोटरी आणि पावलापर्यंत उतरते. हीच सायटिका. सर्वात जास्त त्रास शेवटच्या दोन जागांवर होतो, एल४-एल५ आणि एल५-एस१ (एल म्हणजे कमरेचे मणके, एस म्हणजे त्यांच्याखालचं हाड; नसांनाही हीच नावं), कारण वाकण्याचा भार तिथेच पडतो. बहुतेकांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत उतरतं. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं आणि गंमत म्हणजे पूर्ण सुटलेला मोठा तुकडा जास्त सहज शोषला जातो. नेदरलँड्समध्ये २८३ सायटिका रुग्णांवर झालेली एक चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. ज्यांचं ऑपरेशन लवकर केलं त्यांचा पाय लवकर मोकळा झाला, पण वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी १०० मागे ३९ जणांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं, हेही त्याच चाचणीत दिसलं.

एमआरआयच्या कागदावर चार ठिकाणी ‘बल्ज’, म्हणजे चकती फुगलेली, असं लिहिलं आहे. चारही ठिकाणी दुखणं आहे का?

कागदावरून ते ठरत नाही. कंबर कधीच न दुखलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तर विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या पुढच्या सुमारे ८४ टक्के लोकांत बल्ज दिसतो. कळ कुठे जाते, बधिरपणा पायाच्या कोणत्या भागात आहे, कोणता स्नायू कमजोर आहे आणि झोपवून सरळ पाय उचलल्यावर कळ येते का, या तपासणीशी एमआरआयमधली एखादी जागा जुळली तरच ती दोषी. पायाला हात न लावता नुसती फिल्म उजेडात धरून ऑपरेशनची तारीख दिली, तर दुसरं मत घ्या.

मग थांबून चालणार नाही, असं कधी?

नुसतं दुखणं असेल तर थांबता येतं, कमजोरी असेल तर नाही.

घरीच करता येईल अशी तपासणी आहे. भिंतीला हात लावून आधी टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. टाचांवर चालताना एक पाऊल खाली पडत असेल तर बहुतेक वेळा एल५ ची नस दबलेली असते. चवड्यावर अंग उचलत नसेल तर एस१ ची. चप्पल पायातून आपोआप निसटते आणि कळत नाही, ही त्याचीच सुरुवात. असं असेल तर आठवड्याभरात मणक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचा. कमजोरी दिवसागणिक वाढत असेल तर त्याच दिवशी.

त्याहून मोठी आणीबाणी वेगळीच आहे. कमरेखालचा नसांचा सगळा जुडगा एकदम दाबला गेला, की लघवी अडते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा जातो आणि बसताना जमिनीला टेकतो तो भाग, म्हणजे ढुंगण, जांघ आणि लघवीची जागा, बधिर होतो. अशा वेळी २४ ते ४८ तासांत दाब मोकळा केला तर लघवी परत येण्याची आशा असते. ‘रात्र काढू, सकाळी पाहू’ म्हणून घालवलेली रात्र इथे महागात पडते. दुखणं एकदम कमी झालं आणि पाय सुन्न पडला, तर त्याला बरं होणं समजू नका.

मानेचा मणका दबला तर दुखणं कमी आणि कामातली गडबड जास्त असते. शर्टाचं बटण लागत नाही, बोंडातून कापूस वेचताना बोटं अडखळतात, खुरपं हातातून सुटतं, चालताना तोल जातो. दहा सेकंदांत मूठ उघडझाप मोजा. निरोगी माणूस २० वेळा सहज करतो. त्याहून बरंच कमी होत असेल तर मानेचा एमआरआय लागेल. मज्जारज्जूवरचा हा दाब गोळ्यांनी हटत नाही.

उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतात, पाठीवर उभं राहायला लावतात. करावं का?

नुसता स्नायू आखडला असेल तर तो तसाही चार-सहा दिवसांत सुटतो आणि श्रेय लाथेला जातं. पण टीबीने पोखरलेला किंवा म्हातारपणी ठिसूळ झालेला मणका पाठीवर पाय देताच बसू शकतो. ताप, वजन घटणं, पडल्याचा मार, ६० च्या पुढचं वय किंवा पायात मुंग्या यांपैकी काहीही असेल तर कोणालाही पाठीवर पाय देऊ देऊ नका. डागण्या तर नकोच. भाजलेली जखम पिकली तर ऑपरेशनही लांबणीवर पडतं.

बिनलेबलाच्या पुड्यांचीही तीच गत. दोन दिवसांत चमत्कार दाखवणाऱ्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. महिनोन्महिने घेतली तर हाड ठिसूळ होतं आणि साखर वाढते, आणि एकदम बंद केली तर चक्कर येऊन माणूस कोसळू शकतो. दुखण्याच्या सुया आणि गोळ्याही मनाने चालू ठेवू नका. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात वावरात राबून, पाणी कमी पिऊन वर डायक्लोफेनॅक घेतलं, की किडनीवर दुहेरी मार बसतो.

नसेजवळ दिलेलं इंजेक्शन म्हणजे ऑपरेशन टाळण्याची सोय का?

ती वेळ मिळवण्याची सोय आहे. कळ आठवडे ते काही महिने कमी राहते आणि तेवढ्यात नस स्वतः सावरली तर ऑपरेशन टळतं. इंजेक्शन सी-आर्म या हलत्या एक्स-रेखाली नेमक्या जागी द्यावं लागतं. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर चढते, घरी मोजत राहा.

कंबर दुखते, रात्री बारीक ताप येतो, वजन घटतंय. हे काय असू शकतं?

टीबी आहे का ते आधी पाहा. मणक्याच्या टीबीत खोकला असेलच असं नाही. दुखणं आराम करूनही थांबत नाही, रात्री घाम येतो, भूक मरते. एमआरआयमध्ये लागून असलेले दोन मणके आणि मधली चकती खराब झालेली आणि बाजूला पू साचलेला दिसतो. पण चित्रावरून टीबी ठरवून औषध सुरू करू नये. सुईने नमुना काढून सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधणारी तपासणी) आणि तुकड्याची तपासणी झाली पाहिजे. ‘टीबी’ वाटणारं कधी दुसऱ्या जंतूचं किंवा गाठीचं निघतं, शिवाय जंतूवर नेहमीचं औषध चालेल का हेही त्यातूनच कळतं.

औषध सरकारी यंत्रणेतून फुकट मिळतं आणि खाण्यासाठी निक्षय पोषण योजनेत दरमहा १००० रुपये बँक खात्यात येतात. मणक्याच्या टीबीचा कोर्स साधारण १२ ते १८ महिन्यांचा असतो, फुप्फुसाच्या टीबीसारखा ६ महिन्यांचा नाही. चूक होते ती तिसऱ्या महिन्यात. तोवर दुखणं गेलेलं असतं, पेरणी तोंडावर असते आणि गोळ्या सुटतात. पुढच्या वेळी आजार येतो तो औषधाला न जुमानणारा. लघवी नारिंगी होणं नेहमीचं आहे, घाबरू नका. डोळ्यांना धुरकट दिसू लागलं किंवा डोळे पिवळे झाले तर मात्र लगेच दाखवा.

मणक्याच्या टीबीत बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पाय कमजोर होत चालले, पुवाचा दाब मज्जारज्जूवर आला, कुबड वाढत गेलं किंवा नमुना मिळालाच नाही, तरच ते करतात. ऑपरेशननंतरही गोळ्या पूर्ण घ्याव्या लागतात.

आमच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्याचा मणक्याशी संबंध आहे का?

आहे, आणि चंद्रपूर, यवतमाळकडच्या बोअरवेलच्या गावांत हा प्रश्न डॉक्टरांनी विचारलाच पाहिजे. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं की मणके बांधणाऱ्या दोऱ्या हाडासारख्या कडक होतात. कंबर वाकत नाही, मान वळत नाही आणि नसांची वाट अरुंद होते. दातांवर तपकिरी पट्टे असतील तर संशय बळावतो. ऑपरेशन इथे अवघड असतं, कारण कडक झालेली दोरी मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटून बसलेली असते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट घट्ट होतं. ग्रामपंचायतीमार्फत नमुना तपासून घ्या आणि पिण्यासाठी दुसरा स्रोत धरा.

घरात सिकल सेल आहे. ऑपरेशन करता येतं का?

येतं, पण आधी सांगितलं तरच सुरक्षित. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात मणक्याच्या ऑपरेशनआधी सिकलची तपासणी झालेली असावी. प्रश्न केवळ रक्ताचा नाही. सिकलचा झटका आला की कंबरेची हाडंच दुखतात आणि ते चकतीचं दुखणं समजलं जातं. दुसरी गफलत खुब्याची. सिकलमध्ये खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. दुखणं जांघेत असतं आणि मांडी घालून बसवत नाही. अशा माणसाच्या कमरेचं ऑपरेशन केलं तर दुखणं जिथल्या तिथेच राहतं. कंबरेसोबत खुब्याचाही एक्स-रे काढायला सांगा.

एसएस रुग्णाला, म्हणजे नुसता वाहक नसून सिकलचा पूर्ण आजार असलेल्याला, भूल देताना अंग गार पडू न देणं, सलाईन पुरेसं ठेवणं, ऑक्सिजन कमी न होऊ देणं आणि गरजेप्रमाणे आधी रक्त चढवणं हे सगळं पाळावं लागतं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाआधीही सिकलचं कार्ड दाखवा, कारण त्याने झटका येऊ शकतो.

थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं.

साठीच्या पुढे ही नसांची वाट अरुंद होण्याची खूण. बंडीला टेकून, पुढे वाकून चाललं तर जमतं, सायकलही चालवता येते, पण ताठ उभं राहणं नको वाटतं. पायातली रक्तवाहिनी अडली तरी असंच होतं. फरक इतकाच की तिथे नुसतं उभं राहिलं तरी आराम मिळतो आणि सायकलवरही पाय दुखतो. खर्रा-बिडीवाल्यांच्या पावलाची नाडी म्हणूनच आधी तपासावी. चालणं घरापासून अंगणापर्यंतच उरलं असेल, तर वाट मोकळी करण्याचं ऑपरेशन सत्तरीतही चांगलं फळ देतं.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

सायटिकासाठी सर्वात जास्त होतं ते मायक्रोडिस्केक्टोमी. पालथं झोपवून भूल दिली जाते आणि सी-आर्मवर पाहून मणका मोजला जातो. चुकीच्या मजल्यावर हात जाऊ नये म्हणून हा टप्पा गाळता येत नाही. मग २ ते ३ सेंटिमीटरचा छेद घेऊन स्नायू बाजूला सारतात, थोडं हाड आणि पिवळी दोरी काढतात, नस हळूच सरकवून तिच्यावर बसलेला तुकडा उचलतात. पूर्ण चकती काढत नाहीत. तासाभराचं काम असतं आणि रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभा राहतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात छेद सुमारे ८ मिलिमीटरचा. बाजूने किंवा मागून नळी घालतात, सलाईनच्या धारेखाली काम चालतं. काही प्रकार जागं ठेवून, फक्त जागा बधिर करून करता येतात, म्हणून दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला ते सोयीचं. दोन छिद्रांची पद्धत अलीकडे बरीच वापरात आली आहे. पण टाका लहान म्हणून ऑपरेशन लहान होत नाही, आत तीच नस असते. आठवड्याला दुर्बिणीची किती ऑपरेशनं करता, हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. राग येण्यासारखं त्यात काही नाही. ‘लेझरने चकती वितळवू’ अशा जाहिरातीवर पैसे घालवण्याआधी मात्र दहा वेळा विचार करा.

मणका पुढे सरकला असेल, हलत असेल किंवा वाट मोकळी करताना जास्त हाड काढावं लागलं, तर स्क्रू-रॉड लागतात. एका जोडासाठी ४ स्क्रू, २ रॉड आणि चकतीच्या जागी १ पिंजरा. पिंजऱ्यात रुग्णाचंच हाड भरतात. स्क्रू मणके धरून ठेवतात, खरा जोड हाड एकजीव झाल्यावर होतो आणि त्याला ६ ते १२ महिने जातात. तोवर हाड जुळलं नाही तर स्क्रू सैल होतो किंवा तुटतो. टायटॅनियम असेल तर पुढे एमआरआय काढता येतो. नुसती कंबर दुखते, पायात काही नाही, मणका जागेवर आहे, अशा वेळी स्क्रू सुचवले तर दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

मानेची चकती बहुधा पुढून, गळ्याच्या बाजूने काढतात. काही दिवस घास उतरताना दुखतं आणि आवाज बसतो. ठिसूळ होऊन बसलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरतात, पण विश्रांती, पट्टा आणि औषधांनी दुखणं हटलं नाही तरच. सिमेंटनंतरही हाडं बळकट करण्याचं औषध सुरू ठेवावं लागतं, नाहीतर शेजारचा मणका बसतो.

ऑपरेशननंतर पाय लुळे पडतात म्हणे?

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली सुट्या नसा असतात, म्हणून एल४-एल५ च्या ऑपरेशनात दोन्ही पाय जाणं फारच दुर्मिळ. गावात जी उदाहरणं सांगतात त्यात बरेचदा नस आधीच मेलेली असते आणि ऑपरेशन उशिरा होतं. मान आणि छातीच्या मणक्यात धोका खरोखर जास्त आहे. तिथे नसांचे सिग्नल मोजणारं यंत्र आहे का, हे विचारा.

नेहमीच्या अडचणी निराळ्या. जखम पिकते, नसेचं आवरण फाटून पाणी झिरपतं, आणि १०० मागे साधारण ५ ते १० जणांत त्याच जागी चकती पुन्हा सरकते. पायातली कळ लगेच जाते, बधिरपणा जायला महिने लागतात, कमजोरी कधीकधी पूर्ण भरून येत नाही.

खर्रा सोडणं खरंच गरजेचं आहे का?

स्क्रूचं ऑपरेशन असेल तर हो, आणि यात घासाघीस नको. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, हाड जुळत नाही आणि जखम उशिरा भरते. निदान ४ आठवडे आधी आणि हाड जुळेपर्यंत बंद. बिडी सोडून खर्रा सुरू केला तर काहीच साधत नाही, निकोटीन तेच. दवाखान्यात पाहुण्यांनी खिशातून आणून दिलेली पुडी हा नेहमीचा घोटाळा.

याशिवाय साखर आटोक्यात हवी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते लिहून घ्या, आणि पाठीवर फोड किंवा लघवीत जंतू असतील तर आधी बरे करा.

घरी कसं न्यायचं, कामावर कधी जायचं?

एसटीत बसवून लांबचा प्रवास नको. गाडीत मागच्या सीटवर आडवं किंवा पुढची सीट मागे झुकवून, दर तासाला थांबून चार पावलं चालवा. घरी जमिनीवरची सतरंजी आणि झोळ पडलेली बाज दोन्ही नकोत. फळीवर गादी टाकून गुडघ्याइतक्या उंचीचा बिछाना करा. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा द्या. उकिडवं बसण्याच्या संडासावर ६ आठवडे कमोडची खुर्ची ठेवा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही काढता येतात.

चालणं पहिल्या दिवसापासून. ६ आठवडे ५ किलोपेक्षा जास्त उचलू नका, म्हणजे भरलेली घागरही नाही. दुचाकी आणि ट्रॅक्टर ६ ते ८ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून. रोवणी, सोयाबीनची सोंगणी, पोती उचलणं साध्या ऑपरेशननंतर ३ महिन्यांनी, स्क्रूनंतर ६ महिन्यांच्या आसपास. १६ लिटरचा फवारणी पंप भरल्यावर २० किलोच्या घरात जातो, तो सर्वात शेवटी आणि सुरुवातीला अर्धाच भरून. आणीबाणी नसेल तर हंगाम पाहून तारीख ठरवणं शहाणपणाचं. पेरणीच्या तोंडावर ऑपरेशन झालेला माणूस पंधराव्या दिवशी वावरात सापडतो.

झाडावरून किंवा विहिरीत कोणी पडलं तर?

उचलून मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवू नका. वाकलेल्या मणक्यात तुटलेलं हाड मज्जारज्जूत घुसतं. १०८ ला फोन करा. एकाने डोकं आणि मान सरळ धरायची, तिघांनी खांदा, कंबर आणि पाय धरून अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं, खाली फळी किंवा दार सरकवायचं. मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावून डोकं बांधून टाका. तोंडाने काही देऊ नका. पाय हलत नसतील तर दर दोन तासांनी कूस बदलण्याची काळजी पहिल्या रात्रीपासून घ्या, कारण पाठीची जखम एका रात्रीत सुरू होते आणि भरायला महिने खाते.

खर्च कसा भागवायचा, जायचं कुठे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्य मित्राला भरती होण्याआधी भेटा. मंजुरी ऑपरेशनआधी घ्यावी लागते, नंतर बिल भरून मिळत नाही. काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव आहेत, म्हणून यादीत आपलं ऑपरेशन आणि तो दवाखाना दोन्ही बसतात का ते १५५३८८ वर विचारा. मंजूर पॅकेजवर स्क्रूसाठी वेगळे पैसे मागितले तर तक्रारही याच क्रमांकावर.

नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स, वर्ध्याजवळचं सेवाग्राम आणि सावंगी, अकोला व यवतमाळची सरकारी मेडिकल कॉलेजं ही आधी विचारण्याची ठिकाणं. गडचिरोलीकडच्यांनी ‘सर्च’ या संस्थेच्या शोधग्राममधल्या दवाखान्यात मणक्याच्या शिबिराची तारीख फोनवर विचारून मगच निघावं. जुने सगळे एक्स-रे आणि एमआरआयची फिल्म किंवा सीडी सोबत न्या. नुसता रिपोर्टचा कागद नेला तर तपासणी पुन्हा करावी लागते आणि तो खर्च खिशातून जातो.

टाके निघाल्यावर कशाला घाबरायचं?

जखमेतून पू, वाढणारी लाली किंवा १०० अंशांवर ताप. उभं राहताच फुटणारं डोकं आणि जखमेतून पाण्यासारखा स्राव. एका पोटरीची सूज आणि ठणका. बरा झालेला पाय पुन्हा कमजोर होणं, लघवी अडणं. यांपैकी काही असेल तर गावातल्या सलाईनवर वेळ न घालवता ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात फोन करा आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन निघा.